रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी आलंय, आता काय करायचं?

मागच्या अंकात किमो चालू असताना जेवणखाण कसं ठेवायचं त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर जे प्रश्न आले त्यात व्हिटॅमिन डी इतक्या वेळा आलं की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत, आजाराचे तपशील तेवढे ठेवलेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६८) डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा (लिम्फच्या गाठींचा वेगाने वाढणारा कॅन्सर) निघालाय. आर-चॉप या किमोच्या सहापैकी दोन सायकल झाल्या. डॉक्टरांनी डी करायला सांगितलं, ते ७ (नॅनोग्रॅम) आलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की डी कमी असलं की किमो लागू पडत नाही आणि पेशंट दगावायची शक्यता दुप्पट होते. तेव्हापासून माझ्या मिस्टरांना झोप नाही, म्हणतात आपणच बाबांना घरात ठेवलं, उन्हात नेलं नाही. डॉक्टरांनी आठवड्याला डीचं एक सॅशे (साठ हजार युनिटची पुडी) लिहून दिलंय, बाकी काही बोलले नाहीत. डोस वाढवून मागू का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना हे वाचून दाखवा. बाबांना उन्हात नेलं नाही म्हणून लिम्फोमा झाला असं अजिबात नाहीये, आणि डी ७ आलं हा कुणाचा हलगर्जीपणाही नाही. पुण्यात वर्षातले आठ महिने कडक ऊन असतं तरी डी कमी असलेली माणसं इथे घरोघरी आहेत, अगदी रोज तळजाईला नाहीतर पर्वतीला जाणारीसुद्धा. आपली त्वचा सावळी, कपडे अंगभर, दिवस घरात नाहीतर ऑफिसात जातो, जेवणात डी जवळपास नसतंच, आणि वय वाढलं की त्वचेची डी बनवायची ताकदही उतरते. त्यात बाबांचे आजाराचे महिने धरा, थकवा, भूक नाही, बाहेर पडणं बंद, मग डी खाली जाणारच.

आता ते ‘दुप्पट’. तो आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून नीट सांगते. २०१० साली अमेरिकेत मेयो क्लिनिक आणि आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नुकतंच निदान झालेल्या ९८३ नॉन-हॉजकिन लिम्फोमा (बाबांचा प्रकार याच गटातला) पेशंटचं डी मोजलं, तर ४४ टक्के लोकांचं २५ च्या खाली होतं. या सगळ्यांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकारात ज्यांचं डी सुरुवातीला कमी होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका बाकीच्यांच्या साधारण दुप्पट होता. ग्रुपवर फिरतंय ते बहुतेक हेच. पण दुप्पट म्हणजे तुलना आहे हो, दोन गटांमधली. बाबांचं काय होणार ते त्या आकड्यात लिहिलेलं नाही, आणि डी कमी असलेले कितीतरी पेशंट आर-चॉपने पूर्ण बरे होऊन आज मजेत आहेत.

२०१४ मध्ये जर्मनीतून अजून एक अभ्यास आला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण त्यात हे का होत असेल याचा धागा आहे. आर-चॉपमधला आर म्हणजे रिटुक्सिमॅब. हे औषध लिम्फोमाच्या पेशीला जाऊन चिकटतं आणि मग आपल्याच शरीरातल्या मारेकरी पेशी येऊन तिला संपवतात, म्हणजे अर्धं काम औषधाचं आणि अर्धं आपल्या प्रतिकारशक्तीचं. साठीच्या पुढच्या पेशंटमध्ये त्यांनी बघितलं तर ज्यांचं डी ८ किंवा त्याहून कमी होतं त्यांना रिटुक्सिमॅबचा फायदा कमी मिळाला होता, आणि ज्यांना नुसतं चॉप, म्हणजे रिटुक्सिमॅबशिवायची किमो, दिलेलं त्यांच्यात डीमुळे असा ठळक फरक पडलेला नव्हता. पुढे जाऊन त्यांनी डी कमी असलेल्या सात जणांना डी दिलं आणि रक्त परत तपासलं, तर सातही जणांत रिटुक्सिमॅबच्या मदतीने पेशी मारायची ताकद वाढलेली दिसली. हे प्रयोगशाळेतलं आहे, पेशंट जास्त जगले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण बाबांचं डी ७ असताना ते भरून काढायला डॉक्टरांनी लगेच सॅशे लिहून दिलं ते बरोबरच केलं.

मग वाटेल की थोडंसं चांगलं तर जास्त अजून चांगलं. तसं नाहीये. ज्याचा आजार आधीच जास्त पसरलाय तो माणूस अंथरुणाला खिळतो, जेवत नाही, वजन उतरतं, ऊन लागत नाही, शिवाय अंगात सूज आणि दाह असला की रक्तातलं डी तसंही कमी दिसतं. म्हणजे डी कमी म्हणून आजार वाईट, का आजार वाईट म्हणून डी कमी, हे नुसतं मोजून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात, एकाला डी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. अमेरिकेत सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाच्या, रिटुक्सिमॅब घेणाऱ्या पेशंटमध्ये हे केलं, रोज २००० युनिट देऊन, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये रक्तविकारांच्या मोठ्या परिषदेत निकाल मांडला की तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. बाबांचा प्रकार वेगळा, वेगाने वाढणारा आहे, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही हे मान्य, पण डीची गोळी म्हणजे लिम्फोमाचं औषध असं आज कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पुरावा नाही.

डोस स्वतःहून वाढवू नका. साठ हजारचं सॅशे आठवड्यातून एकदा म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार युनिट झाले, हा कमतरता भरून काढायचाच डोस आहे. जास्त करण्यात एक धोका असा की काही लिम्फोमांच्या पेशी स्वतःच डीचं कामाला लागणारं रूप बनवायला लागतात, आपल्याकडे टीबीच्या गाठींमध्येही हे होतं, आणि मग वरून भरमसाट डी मिळालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना डोस वाढवा म्हणण्याऐवजी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती आहे ते विचारा, आणि सॅशे किती आठवड्यांनी बंद करायचं ते लिहून घ्या. दुधाबरोबर किंवा पोटभर जेवणानंतर द्या, डी तुपातेलात विरघळणारं आहे, तसं घेतलं की अंगी लागतं.

आणि ताई, या काळात बाबांचा जीव ज्या गोष्टींवर टिकून आहे त्या डीच्या आकड्यापेक्षा खूप मोठ्या आहेत. सायकल वेळेवर होणं, आणि ताप १००.४ च्या वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठणं. सकाळ होऊ दे, क्रोसिन देऊन बघू, असं नको. मिस्टर जागे राहतातच आहेत तर थर्मामीटर त्यांच्याकडे द्या.

प्रश्न : आईला (वय ६१) मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मगजातला ब्लड कॅन्सर) आहे, पाठीचा मणका खचलाय. महिन्यातून एकदा हाडांचं इंजेक्शन असतं. मावशीने प्रवाळ पिष्टी आणून दिली, कॅल्शियमची गोळी दोन वेळा चालू आहे, आणि आत्ता लक्षात आलं की साठ हजारचं सॅशे ती गेले काही दिवस रोज घेतेय, आठवड्याचं आहे हे घरात कुणी बघितलंच नाही. चार दिवस मळमळ, सारखी तहान, पोट साफ नाही, आणि काल बोलताना गडबडल्यासारखी वाटली. किमोमुळे असेल ना?
— एक वाचक, निगडी

उत्तर : दादा, तुमचा मेसेज आला त्याच दिवशी फोनवर सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी हॉस्पिटलला जाऊन कॅल्शियम आणि किडनीची तपासणी करायची, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही. तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हे सगळं वाढलेल्या कॅल्शियमचं असू शकतं आणि मायलोमामध्ये याला डबल महत्त्व आहे, कारण मायलोमा हाडं पोखरतो तेव्हा हाडातलं कॅल्शियम तसंही रक्तात येत असतं आणि किडनीवर त्याचा मार आधीच पडत असतो. त्यावर रोज साठ हजार, वर कॅल्शियमच्या गोळ्या, वर प्रवाळ. प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि पोवळं म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, हे मावशींना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांनी मायेनेच आणलं, त्यांना बोल लावू नका, पण घरात कुणी काहीही आणून दिलं तरी ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्याशिवाय सुरू करायचं नाही हा नियम आजपासून करा. शंख भस्म, कपर्दिक भस्म यांनाही हेच लागू, त्यातही कॅल्शियमच आहे.

सॅशे रोज घेतलं जाण्याची ही गडबड फार होते हो. पाकिटावर डोस बारीक अक्षरात असतो, घरातले चष्म्याशिवाय वाचत नाहीत, आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हेही रोजचंच वाटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा, म्हणजे समजा रविवार, सॅशे घेतलं की रविवारवर फुली. बास.

पण एक ऐका, आता घाबरून डी कायमचं बंद करायचं असंही नाही. आईंना जे हाडांचं इंजेक्शन चालू आहे, झोलेड्रोनिक ॲसिड असो की डेनोसुमॅब, ते हाडातून कॅल्शियम बाहेर पडणं रोखतं. डी खूपच कमी असताना ते दिलं तर रक्तातलं कॅल्शियम उलट एकदम खाली जाऊ शकतं, हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. म्हणून मायलोमात डी ठीकठाक असणं खरंच गरजेचं आहे, फक्त ते मोजून, कॅल्शियमवर नजर ठेवून. आत्ताचं कॅल्शियम खाली आलं की डॉक्टर स्वतःच ठरवतील परत कधी आणि किती. किडनी बिघडलेली असेल तर कधीकधी डीचं वेगळं, तयार रूप देतात, ते आणि सॅशे एकच समजून घरी अदलाबदल करायची नाही. आणि त्या इंजेक्शनवर असताना दात काढायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही कधीकधी.

प्रश्न : वय ५४, सीएलएल (सहसा सावकाश वाढणारा ब्लड कॅन्सर). डॉक्टर म्हणतात सध्या काही उपचार नको, तीन महिन्यांनी दाखवायला या. काही न करता बसवत नाही. डी १८ आहे, ते ५०-६० पर्यंत नेलं तर उपचार लांबतील का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सर, हे नुसतं वाट बघणं किती जड जातं ते मी ओपीडीत रोज बघते. कॅन्सर आहे असं सांगायचं आणि औषध द्यायचं नाही, घरच्यांनाही पटत नाही, नातेवाईक सेकंड ओपिनियन घ्या म्हणून मागे लागतात. पण सीएलएलमध्ये लक्षणं नसताना लवकर औषध सुरू करून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणून थांबणं हाच तिथला उपचार आहे.

तुम्ही विचारलंय तो संबंध खरा आहे. २०११ साली ३९० नव्या सीएलएल पेशंटच्या अभ्यासात साधारण ३० टक्के लोकांचं डी २५ च्या खाली होतं आणि त्यांना उपचार लागायची वेळ इतरांपेक्षा लवकर आली. पण वर सांगितलं तेच इथेही, कमी असलेलं डी वाढवल्यावर ती वेळ पुढे गेली असं कुणी दाखवून दिलेलं नाही. १८ आहे तर भरून घ्या, ३० च्या आसपास आलं की पुरे, ५०-६० चा हट्ट धरण्यात काही मिळकत नाही. काहीतरी करायचंच आहे ना, तर न्यूमोकोकल आणि फ्लूची लस घ्या, कारण सीएलएलमध्ये आजारापेक्षा इन्फेक्शन जास्त त्रास देतं. जिवंत विषाणू असलेल्या लसी मात्र नाही, लस घेताना सीएलएल आहे हे सांगायचंच. त्वचेवर नवीन डाग किंवा न भरणारी जखम दिसली तर दाखवा, सीएलएलमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, म्हणून डीसाठी दुपारी तासन्‌तास उन्हात बसणंही तुमच्यासाठी नको.

प्रश्न : मुलाचा (वय १९) बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन चार महिने झाले, त्याच्या बहिणीने मॅरो दिला. डी कमी आहे. आमच्या आई म्हणतात रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसवा, डॉक्टर म्हणतात ऊन टाळा. घरात रोज यावरून वाद.
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : ताई, इथे डॉक्टरांचंच ऐकायचं, आणि आजींना कारण समजावून सांगितलं तर त्या ऐकतील, नातवाच्या काळजीपोटीच बोलतायत त्या. दुसऱ्याचा मॅरो घातल्यावर नव्या रक्तातल्या पेशी मुलाच्या त्वचेला परकं समजून तिच्यावर हल्ला करू शकतात, याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि ऊन लागलं की हा हल्ला भडकू शकतो. शिवाय ट्रान्सप्लांटनंतर बुरशीसाठी व्होरिकोनॅझॉल चालू असेल तर त्याने त्वचा उन्हाला फारच हळवी होते, थोड्या वेळात भाजल्यासारखी लाल होते. तेव्हा टोपी, फुल बाह्या, सनस्क्रीन, आणि डी तोंडाने, डॉक्टर सांगतील त्या डोसात. त्याचं पोट बिघडलेलं असेल, जुलाब होत असतील, तर तोंडाने दिलेलं डी नीट अंगी लागत नाही, हे डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे ते लक्षात घेऊन डोस ठरवतील.

कोवळ्या उन्हाबद्दल मात्र सगळ्यांसाठीच लिहिते, कारण हा समज फार पक्का आहे. त्वचेत डी बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, आणि सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी साडेसहा-सातच्या त्या सोनेरी उन्हात, हे किरण जवळपास पोचतच नाहीत. सारसबागेत सातला बाकावर बसून मन प्रसन्न होतं, चालणं होतं, ते चांगलंच आहे, डी मात्र फारसं बनत नाही. सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली बघायची, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनायला लागतं. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा तर सूर्य बरोबर डोक्यावर असतो, पण डिसेंबरातसुद्धा दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली आपल्यापेक्षा आखूडच पडते, म्हणजे आपल्याकडे वर्षभर ही सोय आहे, पावसाळ्यातलं ढगाळ आकाश सोडलं तर. आणि बंद बाल्कनीत काचेमागे बसून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. ज्यांना डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलेलं नाही त्यांनी दहा-अकराच्या पुढे हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं, त्वचा लाल व्हायच्या आत उठावं. किमो चालू असलेल्यांनी आधी विचारून, कारण मेथोट्रेक्सेट किंवा सेप्ट्रानसारख्या औषधांनीही त्वचा हळवी होते.

प्रश्न : वडिलांना ब्लड कॅन्सर झाला, मग आम्ही भावंडांनी तो होऊ नये म्हणून डी घ्यावं का?
— एक वाचक, येरवडा

उत्तर : कॅन्सर टाळायला म्हणून नको. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला, पन्नाशीच्या पुढची माणसं, पाच वर्षांहून जास्त काळ रोज २००० युनिट, कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तुमचं डी कमी असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून घ्या, आणि वडिलांच्या तब्येतीत लक्ष घाला, त्यांना त्याची जास्त गरज आहे.

प्रश्न : डीची टेस्ट उपाशीपोटी करायची का? दोन लॅबमध्ये दोन आकडे आले, एकीकडे १४ आणि दुसरीकडे ४०. खरं कुठलं? दर महिन्याला करावी का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : उपाशी राहायची गरज नाही. दोन आकड्यांमध्ये आधी एकक बघा, एका रिपोर्टवर नॅनोग्रॅम आणि दुसऱ्यावर नॅनोमोल लिहिलेलं असेल तर अडीचने भागायचं, ४० नॅनोमोल म्हणजे १६ नॅनोग्रॅम, म्हणजे दोन्ही लॅब जवळपास एकच सांगतायत. एकक सारखंच असूनही इतका फरक असेल तर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का ते आठवा. किमोनंतर केस परत यावेत म्हणून खूप जण त्या घेतात, आणि काही मशीनवर बायोटिनमुळे डी खोटंच जास्त दिसतं, तेव्हा टेस्टच्या आधी काही दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. टेस्टचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असंच हवं, १,२५ वाली वेगळी असते, ती डॉक्टरांनी मुद्दाम मागितली तरच.

दर महिन्याला नको, सॅशे सुरू केल्यावर आकडा स्थिर व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेव्हा एकदा करा. कॅल्शियम मात्र लिम्फोमा आणि मायलोमावाल्यांनी डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा करायचंच, ती टेस्ट स्वस्त आहे आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.